तळची तोटी

भोंक पडलेली घागर कोणी विकत घेत नाहीं. आणि घरांतील घागरीस भोंक पडलें तर तिला डाग देऊन घेतल्यावांचून गृहिणीला चैन पडत नाहीं. भांडें म्हटलें कीं तें गळतां कामा नये, ही समजूत मनुष्याच्या मनांत इतकी खोल रुजलेली आहे कीं, एखाद्या नव्या, सर्व बाजूंनीं बंद केलेल्या भांड्याच्या ऐन तळाला कोणी मुद्दाम भोंक पाडूं लागला तर आपण त्याच्या डोक्याविषयीं शंका घेऊं. आम्हीही कदाचित् घेतली असती. परंतु ज्या खात्यांत आमचीं चौतीस वर्षें गेलीं त्या खात्यानें आम्हांला निराळा धडा दिला होता. आम्ही एका मध्यम गांवच्या नगरपालिकेंत पाणीपुरवठ्याच्या कामावर होतों. पाण्याचा मोठा नळ जेथें उंचवट्यावरून जातो तेथें कोंडलेली हवा सुटण्यासाठीं एक झडप ठेवावी लागते, आणि जेथें तो सर्वांत खोल उतरतो तेथें गाळ धुवून काढण्यासाठीं दुसरी. ही दुसरी झडप ज्यांनीं ठेवली नाहीं, किंवा ठेवून कधीं उघडली नाहीं, त्यांचा गाळ कांहीं तळाशीं स्वस्थ बसून राहत नाहीं. एके दिवशीं तो लोकांच्या तांब्यांत येतो.

हें आम्हांस ठाऊक होतें म्हणूनच, पुढें जी गोष्ट सांगावयाची आहे तींत आमच्या अज्ञानाची सबब आम्हांला पुढें करतां येत नाहीं.

निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत आमच्या भाच्याकडे तीन महिने राहून आलों. भाचा धंद्यानें संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा. त्याच्या घराला ऐसपैस मोटारखाना आहे. परंतु मोटार त्यांत नव्हती. ती बिचारी पावसांत आणि बर्फांत बाहेर अंगणांत उभी राही, आणि तिच्या हक्काच्या जागीं ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन लांबलचक पंख लांकडी घोड्यांवर आडवे ठेवलेले असत. भिंतीशीं विमानाचें धड होतें. सहा वर्षें संध्याकाळच्या फावल्या वेळीं आमचा भाचा आपल्या घरीं दोन माणसांचें विमान बांधीत होता. ही वार्ता आमच्या थोरल्या भगिनीस, म्हणजे त्याच्या मातोश्रींस, पुण्यास कळली तेव्हांपासून तिची झोंप उडाली होती. आम्ही निघालों तेव्हां तिनें आमच्या पिशवींत मेतकुटाची पुडी घातली आणि बजावलें, "तूं वडीलधारा आहेस. त्याला चार गोष्टी समजावून सांग आणि तो खेळ बंद करून ये." आम्ही 'बरें' म्हटलें. परंतु तेथें पोंचल्यानंतर आठवड्याच्या आंतच समजावण्याचें बाजूस राहून आम्हीच पाना हातांत घेऊन त्या मोटारखान्यांत बसूं लागलों होतों.

घरीं विमान बांधणें हा आपल्याकडे वेडेपणा वाटत असला तरी त्या देशांत तो कायद्यानें मान्य केलेला छंद आहे. मिलवॉकी शहरीं १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी नांवाच्या गृहस्थानें समानधर्मी मित्र जमवून 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था काढली. १९७० पासून ऑशकॉश येथील विमानतळावर तिचा उन्हाळी मेळा भरत आला आहे, आणि हजारों लोक आपापलीं विमानें उडवीत तेथें येतात. सरकारचा नियम असा कीं, विमानाचें निम्म्याहून अधिक काम हौशी मनुष्यानें स्वतः शिकण्यासाठीं किंवा करमणुकीसाठीं केलेलें असलें पाहिजे. मग दप्तरांत त्या विमानाचा कारखानदार म्हणून त्याचेंच नांव लागतें, आणि विमानावर 'प्रायोगिक' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. शेजारीं बसणाऱ्या उतारूसाठीं, हें विमान नेहमींच्या विमानांना लागू असलेले सुरक्षिततेचे नियम पाळून बांधलेलें नाहीं, अशी स्पष्ट सूचनाही आंत लावावी लागते. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें, तें २०१६ सालीं मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें आणि २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली, हें वाचकांस स्मरत असेलच. अमेरिकेंत आणि आपल्यांत फरक हिंमतीचा नसून वहिवाटीचा आहे, एवढेंच आम्हांला त्यावरून म्हणावयाचें आहे.

आतां मुद्द्याकडे येऊं. आमच्या भाच्याच्या विमानांत पेट्रोलाची टांकी पंखाच्या पोटांतच असते. किंबहुना पंखाच्या पुढल्या काठाचा एक भाग हीच टांकी. पत्र्याचे सांधे रिव्हेटांनीं जोडावयाचे आणि ते गळूं नयेत म्हणून प्रत्येक सांध्यांत व प्रत्येक रिव्हेटाच्या डोक्यावर एक काळसर, गंधकाच्या वासाचें लुकण भरावयाचें. हें लुकण दोन द्रव्यें वजनानें मोजून एकत्र कालवून केलेलें असतें, थोड्या तासांत घट्ट होतें, आणि तेवढ्या वेळांत हातांना, केसांना, चष्म्याला व शेजारच्या मांजराला चिकटून घेतें. टांकीच्या तळाला, विमान चाकांवर उभें असतां जो बिंदु सर्वांत खालीं येईल तेथें, पत्र्यास आंतल्या बाजूनें ॲल्युमिनियमची एक लहानशी वाटोळी बैठक रिव्हेटांनीं बसवितात. तिच्या मध्यावर आटे पाडलेलें भोंक असतें. त्या भोंकांत खालून अंगठ्याएवढी पितळी तोटी फिरवून बसवावयाची. हीच तळची तोटी. तिच्या आंत कमान आहे, रबराचें एक कडें आहे. खालून पेल्याच्या दांडीनें टोंचलें कीं ती उघडते आणि दांडी काढली कीं आपोआप मिटते.

एवढीशी ही तोटी कशासाठीं? पाण्यासाठीं. झांकणाच्या फटींतून पाऊस आंत जातो. टांकी अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारव्यानें आंतल्या हवेंतील दंव पत्र्यावर जमतें. कधीं ज्या पंपावरून पेट्रोल घेतलें तेथूनच पाणी येतें. पाणी पेट्रोलांत विरघळून जात नाहीं. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, तर तेवढ्याच पेट्रोलाचें पाऊण किलोहूनही थोडें कमी. म्हणून पाणी निमूटपणें तळाशीं जाऊन बसतें. एंजिनाकडे जाणाऱ्या नळीचें तोंड तळापासून किंचित् वर ठेवलेलें असतें, त्यामुळें विमान जमिनीवर उभें असतांना हें पाणी कोणास त्रास देत नाहीं. एंजिन सुरू होतें, चांगलें चालतें, विमान धांवतें, नाक वर करून उडतें. आणि मग टांकी कलते, तळचें पाणी हलतें व नळीच्या तोंडाशीं येतें. म्हणजे एंजिन बंद पडावयाचें तें नेमकें अशा वेळीं, कीं जेव्हां विमानाखालीं उंची नसते, पुढें मोकळी जमीन नसते व चालकापाशीं विचारास वेळ नसतो. यासाठीं प्रत्येक उड्डाणापूर्वीं चालकानें पंखाखालीं वांकून, कांचेसारख्या पारदर्शक पेल्यांत त्या तोटींतून घोटभर पेट्रोल काढून उजेडांत धरून पाहावयाचें. विमानाचें जें पेट्रोल तेथें सर्रास वापरतात त्याला ओळखीसाठीं निळा रंग दिलेला असतो. निळ्याखालीं बिनरंगाचा थेंब दिसला कीं तें पाणी. आणि सगळाच पेला बिनरंगाचा दिसला तर पेट्रोल स्वच्छ आहे असें समजून खूष व्हावयाचें नाहीं, तें सगळेंच पाणी आहे असें समजून घाबरावयाचें.

तोटी बसविण्याचें काम भाच्यानें आम्हांकडे सोंपविलें. त्यांत थोडा मामाचा मान होता आणि थोडी थट्टा. "मामा, तुम्ही सगळ्या गांवाचे नळ जोडलेत. या दोन तोट्या तुमच्याकडे." आम्ही मनांत हंसलों. दीड दीड फुटी नळांचे सांधे जोडणाऱ्या मनुष्यास ही अंगठ्याएवढी वस्तु म्हणजे लग्नांतील आचाऱ्याला चहा करावयास सांगण्यासारखें होतें. आम्हीं खिशांतून पांढऱ्या टेफ्लॉनच्या पट्टीचें रीळ काढलें. आमच्या उमेदवारीच्या काळांत आट्यांवर सूत गुंडाळून सफेता फांसण्याची चाल होती. पुढें ही पट्टी आली व आम्ही तिचे भक्त झालों. आम्ही पट्टीचा पहिला वेढा घेतों न घेतों तोंच भाच्यानें आमचा हात धरला.

"मामा, ती पट्टी इथं चालायची नाहीं."

"कां रे? सबंध जगाचे नळ हिच्यावर चालले आहेत."

"नळांत तिचा तुकडा सुटला तर बादलींत पडतो. इथं सुटला तर नळींतून थेट एंजिनाच्या तोंडाशीं जाऊन अडकतो."

आम्ही निरुत्तर झालों. आटे एकमेकांत फिरतांना पट्टीचे बारीक तंतू कातरले जातात, हें आम्हीं हजारदां पाहिलें होतें. परंतु त्या तंतूचें पुढें काय होतें याचा विचार करण्याची पाळी आमच्यावर कधीं आली नव्हती. घरोघरीं मिळणारें सिलिकोनचें लुकणही तेथें वर्ज्य, कारण पेट्रोलांत तें फुगून सुटतें. आणि टांकीच्या सांध्यांचें तें काळें लुकण आट्यांत भरलें तर तोटी जन्माची चिकटून बसते. रबराचें कडें झिजून ती बदलण्याची वेळ आली म्हणजे तोटीबरोबर बैठकही उपटावी लागते. आट्यांसाठीं पेट्रोलाला दाद न देणारें एक निराळें मलम असतें. तें तोटीच्याच आट्यांवर पातळ फांसावयाचें, आणि तेंही टोंकाचे पहिले एक-दोन आटे कोरडे सोडून, म्हणजे फिरवितांना मलम पुढें ढकललें जाऊन टांकींत उतरत नाहीं.

तोटी हातांत घेऊन आम्ही तिचे आटे पाहूं लागलों तों तेथेंही आमच्या ज्ञानाला खीळ बसली. हिंदुस्थानांत नळाचे आटे इंग्रजी पद्धतीचे. व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें १८४१ सालीं आट्याच्या दांत्याचा कोन पंचावन्न अंश ठरविला, तोच आमच्या नळांत अद्याप चालत आला आहे. अमेरिकन नळाच्या दांत्याचा कोन साठ अंशांचा. एक अष्टमांश इंच म्हणून जें माप दोन्हीकडे आहे, त्यांत इंग्रजी पद्धतीनें इंचाला अठ्ठावीस आटे आणि अमेरिकन पद्धतीनें सत्तावीस. मौज ही कीं, या 'अष्टमांश इंची' तोटीची जाडी प्रत्यक्षांत चार दशांश इंचाहून थोडी अधिकच भरते. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट मात्र सारखी: आटे सरळ नसून निमुळते असतात, सोळा भागांत एक भाग या प्रमाणानें. म्हणजे तोटी ही एक पाचर आहे. जितकी फिरवाल तितकी ती अधिक जाड होऊन भोंकांत शिरते आणि भोंकाला चोहोंकडून बाहेर रेटते. लोखंडी नळ हा रेटा सोसतो. ॲल्युमिनियमची पातळ बैठक किती सोसणार?

"हातानं घट्ट होईल तिथवर हातानंच फिरवायची," भाचा म्हणाला, "आणि मग पान्यानं एक-दोन फेरे. बस्स. आट्यांचं काम धरायचं, मलमाचं काम बंद करायचं. गळती राहील अशी शंका आली तर तोटी काढायची, पुसायची, पुन्हा मलम लावायचं. आवळायची नाहीं."

उजव्या पंखाची तोटी आम्हीं त्याच्या देखत बसविली. हाताला लागलें तेथून दीड फेरा. फुग्याची परीक्षा झाली, ती उतरली. या परीक्षेचें वर्णन थोडें करणें अवश्य आहे. टांकीचीं इतर सर्व तोंडें बुजवून हवा जाण्यायेण्याच्या नळीवर मुलांचा साधा रबरी फुगा बांधतात आणि हातपंपानें आंत जराशी हवा भरतात. टांकी पक्की असेल तर फुगा रात्रभर ताठ उभा राहतो. तेथें मोठा यांत्रिक पंप लावण्याची सक्त मनाई. कारण टांकीच्या एका बाजूचा पत्रा हजार चौरस इंचांचा धरला तर चौरस इंचामागें केवळ एक पौंड दाबानेंही त्यावर हजार पौंडांचा भार पडतो, आणि पंख फुगून रिव्हेटें सुटतात. मुलाच्या खेळण्यानें विमानाची परीक्षा घेण्याची ही युक्ति आम्हांस फार आवडली. भाच्याची आठ वर्षांची मुलगी फुग्यावर नाक-डोळे काढून देई व त्याच्या राखणीस बसे.

डावा पंख दुसऱ्या दिवशीं होता. भाचा कामावर गेला होता. दुपारीं मोटारखान्यांत आम्ही एकटेच होतों. मलम लावलें, हातानें फिरविलें, पान्यानें दीड फेरा दिला, आणि येथें थांबावयाचें होतें. परंतु पाना आमच्या हातांत किंचित् सैल वाटला. उजव्या तोटीला याच ठिकाणीं जो कणखरपणा लागला होता तो येथें लागेना. वस्तुतः दोन बैठकींचे आटे तंतोतंत सारखे नसतात, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको होतें. चौतीस वर्षांच्या संवयीनें मनाला बाजूस सारलें आणि हात म्हणाला, आणखी पाव फेरा. तो पाव फेरा देत असतां तळहाताला कांहींतरी कळलें. आवाज म्हणावा तर झाला नाहीं. वाळलेली काडी पाण्यांत मोडली तर बोटांना जें कळेल तेवढेंच. त्यानंतर पाना पहिल्यापेक्षां हलका फिरला.

आम्हीं बैठकीकडे पाहिलें. पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. बैठक पत्र्याच्या आंत, बाहेर फक्त पितळी तोटीचा चकचकीत माथा. आम्हीं हात पुसले, पाना जागेवर टांगला आणि चहा करावयास घरांत गेलों. चहा करतांना आम्हीं स्वतःला सांगितलें कीं कांहीं झालेलें नाहीं.

संध्याकाळीं फुगा बांधला. तासाभरानें तो थोडा वांकला, दोन तासांनीं त्याचें नाक खालीं आलें. आम्ही पाहत होतों. भाचाही पाहत होता. तो म्हणाला, "सूर्य मावळला, मामा. हवा गार झाली कीं फुगा बसतोच. सकाळीं ऊन आलं कीं पुन्हा उठेल. पाहूं." हें खोटें नव्हतें. थंडीनें हवा आकसते, हें शाळकरी पोरासही माहीत असतें. आमच्यासाठीं सृष्टीनेंच एक सबब तयार करून ठेवली होती, आणि ती आमच्या वतीनें आमच्या भाच्यानें मांडली होती. आम्ही फक्त "हो, तसंच असेल" असें म्हणावयाचें होतें. आम्ही तें म्हटलें.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. फळीवर त्या काळ्या लुकणाची उरलेली पुडी होती. पहांटे उठून तोटीच्या कडेनें बाहेरून त्याचें एक बारीक वळें फिरविलें असतें तर सकाळीं फुगा ताठ उभा राहिला असता. पुढल्या आठवड्यांत पंख विमानतळावर जावयाचे होते. सरकारी निरीक्षक शेवटीं येतो, सर्व विमान उघडून पाहतो. परंतु टांकीच्या आंत तो शिरत नाहीं. घरीं बांधलेल्या विमानांत हजारों रिव्हेटें आणि शेंकडों सांधे असतात, व त्यांतील बहुतेक असे कीं, ते ज्यानें केले त्याच्यावांचून पुनः कोणाच्याही दृष्टीस पडावयाचे नाहींत.

आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या सातव्या का आठव्या वर्षीं एका नव्या नळाचें उद्घाटन दुसऱ्या दिवशीं व्हावयाचें होतें. संध्याकाळीं एका सांध्यांतून पाणी पाझरत असलेलें आम्हांला दिसलें. थोडेंच होतें. सांधा उघडावयाचा तर समारंभ पुढें गेला असता, पाहुणे परत गेले असते, वरिष्ठ रागावले असते. आम्हीं चर बुजविण्याचा हुकूम दिला. पावसाळ्याच्या आरंभीं त्या जागीं रस्ता खचला आणि रात्रीं सायकलवरून घरीं जाणारा एक गिरणी-कामगार त्या खड्ड्यांत पडून पाय मोडून घेता झाला. चौकशी झाली, पावसानें रस्ता खचला असें ठरलें. आम्हांला कोणीं विचारलें नाहीं. आम्ही त्याला पाहावयास इस्पितळांत गेलों होतों, मोसंबीं घेऊन. त्यानें आमचे आभार मानले. आज इतक्या वर्षांनीं त्याचा चेहरा आम्हांला नीट आठवत नाहीं. तीं मोसंबीं मात्र आठवतात.

वाचक म्हणतील, पाण्याची गळती आणि पेट्रोलाची गळती यांची बरोबरी कशी करतां? बरोबरी नाहींच. बैठकीचा तडा हादऱ्यानें वाढत जातो. थेंब थेंब पेट्रोल पंखाखालीं झिरपूं लागलें तर टांकी रिती होणें हा त्यांतल्या त्यांत सौम्य परिणाम. आणि त्या विमानांत दोन आसनें होतीं. एक भाच्याचें, दुसरें कोणाचें व्हावयाचें तें ठरलेलेंच होतें, कारण तिनें आपल्या उशीची खूण त्यावर आधींच करून ठेवली होती.

सकाळीं ऊन आलें. फुगा किंचित् उठला. पुरता उठला नाहीं. भाचा येण्यापूर्वीं आम्हीं साबणाचा फेस करून कुंचल्यानें तोटीभोंवतीं लावला. एका बाजूला, एकाच ठिकाणीं, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊं लागले. भाचा आला, त्यानें वांकून पाहिलें आणि सहज म्हणाला, "मलम कमी पडलं असेल. काढूं आणि पुन्हा लावूं." दुसरी सबबही त्यानेंच पुढें केली.

आम्ही म्हणालों, "मलम नव्हे. बैठक तडकली आहे. काल दुपारीं मीं पाव फेरा जास्त दिला. हाताला तेव्हांच कळलं होतं."

तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग त्यानें तोटी उलटी फिरवून काढली, आंत दिव्याचा उजेड पाडला, भिंग धरलें आणि आम्हांलाही दाखविलें. आट्यांना आडवा छेद देत केंसासारखी एक रेघ बैठकीच्या कांठापर्यंत गेली होती.

"काल संध्याकाळीं कां नाहीं सांगितलंत, मामा?"

या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही खरें तें सांगितलें. "लाज वाटली."

तो रागावला असता तर आम्हांला बरें वाटलें असतें. त्यानें पंखाच्या मुळाशीं असलेल्या झांकणाचे स्क्रू मोजावयास आरंभ केला आणि म्हणाला, "हें झांकण उघडलं कीं हात आंत जातो. नवी बैठक मागवूं. तुमचं परतीचं तिकीट कधींचं आहे?" थोड्या वेळानें, पाठमोरा असतांनाच, तो म्हणाला, "माझाही एक दोष आहे. गार हवेचं मीं बोललों तेव्हां मला तसं वाटत नव्हतं. तुम्ही बसवलेली तोटी, म्हणून मीं स्वतःची समजूत घातली."

आम्ही दोघेही त्या फुग्याकडे पाहत होतों आणि दोघांनाही दिसत होतें. परंतु वडिलांचा मान राखावा म्हणून भाचा बोलला नाहीं व मान जाऊं नये म्हणून मामा बोलला नाहीं. आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांविषयींचा जो आदर आहे तो आम्हांस थोर वाटतो. परंतु त्यालाही तळाशीं एखादी तोटी असावी, असें तेव्हांपासून आम्हांला वाटूं लागलें आहे.

दुरुस्तीस नऊ दिवस लागले. झांकणाखालचें लुकण सुरीनें कापून तें उचकटावें लागलें. बैठकीचीं रिव्हेटें एकेक पोखरून काढलीं. त्याचा एकही कीस टांकींत राहूं नये म्हणून आंतून ओलें फडकें आणि चिकट कागद फिरवून पत्रा बोटाएवढा बोटाएवढा तपासला. जुनें लुकण लांकडी चमच्यानें खरवडलें, कारण लोखंडानें पत्र्यावर ओरखडा उठला तर तोच उद्यां तडा होतो. नवी बैठक बसविली, लुकण भरलें आणि तें पुरतें वाळेपर्यंत वाट पाहिली. हीं सर्व कामें आम्हीं केलीं. भाच्यानें तीं आमच्याचकडून करविलीं, हा त्याचा मोठेपणा. तोटी पुनः आमच्याच हातीं दिली. हाताला लागली तेथून एक फेरा, मग आणखी थोडा; पाना सैल वाटला, तसाच सैल सोडून आम्ही उठलों. फुगा दोन रात्री ताठ उभा राहिला. दुसऱ्या रात्रीं तर त्याच्या नाका-डोळ्यांना मिशाही आल्या होत्या.

निघण्याच्या आदल्या दिवशीं टांकींत पांच लिटर पेट्रोल ओतून तोटी तपासली. नातीला पेला धरावयास शिकविण्याचें काम आमच्याकडे होतें. पहिला पेला स्वच्छ निळा आला. आम्हीं निराळ्या बाटलींत थोडें तसलेंच पेट्रोल घेऊन त्यांत चमचाभर पाणी घातलें, हलविलें आणि तिच्यापुढें उजेडांत धरलें. गढूळपणा हळूंहळूं निवळला आणि तळाशीं पाण्याचा एक बिनरंगी मणी येऊन बसला.

"आजोबा, हा इतकासा थेंब एंजिन बंद पाडतो?"

"पाडूं शकतो."

"मग टांकीला भोंकच नसतं तर?"

"तर हा आंतच राहिला असता, आणि तुला दिसला नसता."

तिनें तो मणी पुष्कळ वेळ पाहिला आणि बाटली हलवून तो पुनः तळाशीं बसण्याची वाट पाहिली. आमच्या साऱ्या नोकरींत आम्हीं कोणाला कांहीं शिकविलें असेल तर तें एवढेंच, असें आम्ही समजतों.

पुण्यास परतल्यावर भगिनीपुढें जाणें अवघड होतें. तिनें ज्या कामासाठीं पाठविलें होतें तें तर आम्हीं केलेंच नव्हतें. उलट त्या पातकांत आमचाच हात पडला होता. आम्हीं तिला सगळें सांगितलें: पाव फेरा, फुगा, रात्रीचें लुकण आणि त्या कामगाराचा पायही. हें शेवटचें आम्हीं घरांत कोणाला सांगितलें नव्हतें. ती ऐकून घेऊन उठली, आणि चहा ठेवतां ठेवतां म्हणाली, "तूं नाहीं सांगितलं असतंस तर मला कधींच कळलं नसतं." तिनें हें दोषानें म्हटलें कीं समाधानानें, तें आम्हांला अजून उमगलेलें नाहीं.

पुढल्या मे महिन्यांत विमान उडालें. निरीक्षक येऊन पाहून गेला. नियमाप्रमाणें आरंभीचे ठराविक तास, बहुधा पंचवीस किंवा चाळीस, भाच्यानें एकट्यानें उडावयाचें होतें, आणि नात खालीं पेला हातांत धरून उभी राहत होती. पहिल्या उड्डाणानंतर रात्रीं फोन आला. आम्हीं भगिनीला आनंदानें सांगितलें कीं विमान वीस मिनिटें आकाशांत राहून सुखरूप खालीं उतरलें.

"तें कळलं," ती म्हणाली. "डाव्या बाजूची तोटी गळली का, तें विचार."

आम्हीं विचारलें. खालचा पत्रा कोरडा होता.